सहा लॅपटॉपांचा आवाज: लिनक्सवरच्या दुरुस्तीच्या नोंदी, अमळनेर तालुका

११ नोव्हेंबर २०२४

अमळनेर तालुक्यातल्या एका गावच्या अभ्यासिकेत सहा जुने लॅपटॉप आले आहेत. १ आणि २ नंबरवर डेबियन १२, बाकी चारांवर लिनक्स मिंट २२; दोन्ही लिनक्सचेच प्रकार. स्क्रीन, कीबोर्ड, वायफाय सगळं चालतंय. आवाज एकातूनही येत नाही. वापर दोन कामांसाठी: मुलांनी इंग्रजीचे धडे ऐकायचे, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांच्या अहिराणी ओव्या, कानबाईची गाणी रेकॉर्ड करायची. म्हणजे नुसता स्पीकर वाजून भागणार नाही, आतला माइकही चालला पाहिजे. ही अट पहिल्याच दिवशी लिहून ठेवली आहे, कारण नेटवरच्या बऱ्याच उपायांत स्पीकर येतो आणि माइक जातो.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्याच इंग्रजी अक्षरांत द्यायच्या.

आज काहीही बदललं नाही, फक्त पाहिलं. प्रत्येक मशीनवर याच क्रमाने:

'कॅट /प्रॉक/एसाउंड/कार्ड्स' (ए-एस-ओ-यू-एन-डी). कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, साउंड कार्ड दिसतंय का, हे इथे कळतं. इथेच 'नो साउंडकार्ड्स' आलं, तर आवाजाच्या सेटिंगमध्ये कितीही फिरलं तरी उपयोग नाही. दोष ड्रायव्हरचा किंवा फर्मवेअरचा (चिपमध्ये भरायच्या प्रोग्रामचा).

'अल्सामिक्सर', मग एफ६ दाबून खरं कार्ड निवडायचं. पट्टीखाली एमएम असेल तर ती म्यूट, ००  असेल तर उघडी. एम दाबलं की बदलते.

'पॅक्टल इन्फो' (पी-ए-सी-टी-एल). आवाजाचा सर्व्हर, म्हणजे सगळ्या प्रोग्रामांचा आवाज कार्डाकडे पोचवणारा प्रोग्राम, कोणता चाललाय ते कळतं. मिंट २२ वर पाइपवायर हवा. डेबियन १२ च्या एक्सएफसीई डेस्कटॉपवर पल्सऑडिओ.

शेवटी 'स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह -एल १' (वेव्ह म्हणजे डब्ल्यू-ए-व्ही). डावा आणि उजवा स्पीकर एकेकदा बोलतो.

आजचा निकाल: १ नंबरवर दोन कार्डं. २ नंबरवर कार्डच नाही. ३ नंबरवर कार्ड आहे, पण हेडफोन लावलेला नसताना 'हेडफोन' दाखवतोय. ४ नंबरवर कर्नलला कार्ड दिसतं, सेटिंगमध्ये मात्र 'डमी आउटपुट', म्हणजे खरं कार्ड मिळालेलं नाही. ५ नंबरवर सगळं जागच्या जागी, तरी शांत. ६ नंबरचं कार्ड नेहमीचं नाही, नावातच 'ईएसएसएक्स८३३६' आहे.

सहाही मशीनचं दुखणं वेगळं आहे. एकच स्क्रिप्ट सगळ्यांवर चालवायची असा आधी बेत होता, तो इथेच सोडला.

१२ नोव्हेंबर, १ नंबर

इंटेलची चौथी पिढी. या पिढीत एचडीएमआयच्या आवाजाचा कंट्रोलर वेगळा असतो. तो आधी सापडतो आणि कार्ड ० होतो. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर कार्ड १ वर जातो. पल्सऑडिओने एचडीएमआय धरून ठेवलं होतं. 'पाव्हूकंट्रोल' उघडून शेवटच्या टॅबमध्ये एचडीएमआयचं प्रोफाइल बंद केलं, अल्सामिक्सरमध्ये कार्ड १ वर स्पीकरची पट्टी एमएम होती ती उघडली, आवाज आला.

व्हीएलसी प्लेअर तरीही गप्प. त्यात आउटपुट थेट अल्सावर (कर्नलमधली आवाजाची यंत्रणा) ठेवलेलं होतं आणि अल्सा कार्ड ० धरतं. '/ईटीसी/मॉडप्रोब.डी' मध्ये 'साउंड.कॉन्फ' नावाची फाइल करून एक ओळ टाकली: 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल इंडेक्स=१,०'. रीबूट केल्यावर कार्डांचे नंबर उलटले. मग 'सुडो अल्साकंट्रोल स्टोअर' (ए-एल-एस-ए-सी-टी-एल) देऊन पट्ट्यांची जागा कायम केली. एकूण ४० मिनिटं, खर्च शून्य.

१३ नोव्हेंबर, २ नंबर

इंटेलची दहावी पिढी. कार्ड नाही, पण 'एलएसपीसीआय -एनएनके' मध्ये ऑडिओची चिप दिसते. म्हणजे हार्डवेअर जिवंत आहे, ड्रायव्हर उभा राहत नाही.

'सुडो डीमेसेज' (डी-एम-ई-एस-जी, कर्नलचा लॉग) मध्ये 'सॉफ' (एस-ओ-एफ, साउंड ओपन फर्मवेअर) शोधलं. दोन ओळी कामाच्या निघाल्या. पहिली सांगते की डिजिटल माइक सापडले म्हणून सॉफ ड्रायव्हर वापरतोय. दुसरी सांगते की 'सॉफ-सीएमएल.आरआय' ही फाइल लोड झाली नाही, एरर -२. उणे दोन म्हणजे फाइल जागेवर नाही, एवढाच अर्थ. या मशीनमध्ये माइक थेट इंटेलच्या चिपला जोडलेले आहेत; ते चालवायला चिपमधल्या छोट्या प्रोसेसरला साउंड ओपन फर्मवेअर लागतं. फर्मवेअर नाही, तर ड्रायव्हर पूर्ण कार्डच सोडून देतो, स्पीकरसकट.

इथे घाई झाली. ग्रबच्या (लिनक्स बूट करणारा प्रोग्राम) ओळीत 'एसएनडी_इंटेल_डीएसपीसीएफजी.डीएसपी_ड्रायव्हर=१' टाकलं, 'सुडो अपडेट-ग्रब' दिलं, रीबूट केलं. दहा मिनिटांत स्पीकर वाजला. मशीन झालं असं समजून बाजूला ठेवलं.

१४ नोव्हेंबर, २ नंबर

माइक नाही. रेकॉर्डिंगच्या यादीत आतला माइक दिसतच नाही. कारण कालचा उपाय: १ म्हणजे जुना एचडीए ड्रायव्हर वापर, आणि तो चिपला जोडलेले डिजिटल माइक पाहू शकत नाही. नुसतं ऐकायचं मशीन असेल तर हा उपाय चालेल. इथे चालणार नाही. दहाव्या पिढीच्या आसपासचा लॅपटॉप असेल आणि माइक लागणार असेल, तर या उपायाला हातच लावू नये.

खरा उपाय म्हणजे 'फर्मवेअर-सॉफ-साइन्ड' हे पॅकेज. एप्टने (पॅकेज बसवणारा प्रोग्राम) सांगितलं की असं पॅकेजच नाही. पाऊण तास नाव तपासण्यात गेला, नाव बरोबर होतं. चूक '/ईटीसी/एप्ट/सोर्सेस.लिस्ट' मध्ये, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची त्या यादीत होती. २ नंबरची डिस्क १ नंबरवरून क्लोन केलेली आहे, आणि १ नंबर डेबियन ११ वरून १२ वर चढवलेला होता. डेबियन ११ पर्यंत अशी फर्मवेअर 'नॉन-फ्री' विभागात असायची. १२ पासून 'नॉन-फ्री-फर्मवेअर' असा वेगळा विभाग झाला. जुन्या यादीत तो शब्दच नव्हता. नव्याने बसवलेल्या डेबियन १२ वर ही अडचण सहसा येत नाही, कारण इन्स्टॉलर फर्मवेअर स्वतः उचलतो. क्लोनमध्ये मूळ मशीनला जे लागत होतं तेवढंच येतं, आणि १ नंबरला सॉफची गरजच नव्हती.

प्रत्येक ओळीत 'मेन' च्या पुढे 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जोडलं, 'सुडो एप्ट अपडेट', मग पॅकेज. ते बसत असतानाच वीज गेली. बॅटरी मेलेली असल्याने मशीन जागीच बंद. वीज आल्यावर एप्ट अडून बसला. 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' देऊन मोकळा केला. बॅटरी न धरणाऱ्या लॅपटॉपवर पॅकेज बसवताना यूपीएस लावूनच बसावं. अभ्यासिकेत प्रिंटरचा आहे, तो उद्यापासून इकडे.

१७ नोव्हेंबर, २ नंबर

फर्मवेअर जागेवर, तरी माइक नाही. दुपारचे दोन तास वाया गेले. फर्मवेअर परत बसवलं, यूसीएमच्या (कार्डाच्या मांडणीच्या) फाइली असलेलं 'अल्सा-यूसीएम-कॉन्फ' परत बसवलं, काही फरक नाही. डीमेसेजमध्ये सॉफचं नावच येईना, आणि खूण तीच होती: ड्रायव्हर सॉफकडे जातच नव्हता.

'कॅट /प्रॉक/सीएमडीलाइन' दिल्यावर उलगडा झाला. १३ तारखेची 'ड्रायव्हर=१' ही ओळ अजून चालू होती. '/ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब' मधून ती गुरुवारी काढली होती, पण काढल्यावर 'अपडेट-ग्रब' दिलंच नव्हतं. फाइल स्वच्छ, बूट जुन्याच ओळीने. 'सुडो अपडेट-ग्रब', रीबूट, आणि कार्डाचं नाव 'एचडीए इंटेल पीसीएच' चं 'सॉफ-एचडीए-डीएसपी' झालं. स्पीकर आहे, हेडफोन आहे, माइक आहे.

आजपासून प्रत्येक लॅपटॉपच्या झाकणावर कागद चिकटवला आहे. केलेला बदल, फाइल, तारीख. उपाय फसला तर पुढचा करण्याआधी पहिला मागे घ्यायचा आणि कागदावर काट मारायची.

या एका मशीनला तीन दिवसांत मिळून साडेपाच तास गेले. खरं कारण पहिल्या दिवशीच माहीत असतं तर अर्ध्या तासाचं काम होतं.

१८ नोव्हेंबर, ३ नंबर

आठवी पिढी, मिंट २२. कार्ड ठीक, पाइपवायर ठीक. सेटिंगमध्ये 'हेडफोन' निवडलेलं, जॅकमध्ये काहीच नाही. 'स्पीकर' निवडलं तर क्षणभर वाजतो, रीस्टार्ट केलं की पुन्हा हेडफोन.

मशीनला जॅकबद्दल काय वाटतंय ते थेट विचारता येतं: 'एमिक्सर -सी ० कंटेंट्स' आणि त्यात 'हेडफोन जॅक' शोधायचं. खाली 'व्हॅल्यूज=ऑन' आलं. जॅक रिकामा असताना ऑफ यायला हवं. म्हणजे सॉफ्टवेअर खोटं बोलत नाही, त्याला जॅककडूनच चुकीची खबर मिळतेय. ३.५ मिमीच्या जॅकमध्ये एक बारीक पातं असतं; पिन आत गेली की ते सरकतं आणि चिपला कळतं. ते पातं सरकलेल्या जागीच अडकलं, तर पिन कायम आत आहे असंच चिप समजते आणि स्पीकर बंद ठेवते.

टॉर्च तिरकी धरून आत पाहिलं. तळाशी राखाडी रंगाचा गोळा, दाबून घट्ट बसलेला. कापसाची तुसं. हा लॅपटॉप आधी एका जिनिंगच्या ऑफिसात होता. तिथल्या हवेत हंगामभर तंतू उडत असतात, आणि प्रत्येक वेळी पिन घातली की ते आणखी आत ठोकले जातात.

पहिला प्रयत्न चुकला. टूथपिकच्या टोकाला कापूस गुंडाळून आत फिरवला. बाहेर काढल्यावर टोकावरचा कापूस कमी झालेला दिसला, म्हणजे अडथळ्यात आणखी भरच पडली. जॅकमध्ये कापूस, इअरबड असलं काही घालू नये. तोंडाने फुंकूही नये, ओल जाते. सुई किंवा टाचणी तर नकोच, पातं वाकलं की जॅक बदलायला मदरबोर्ड सोल्डर करावा लागतो.

१९ नोव्हेंबर, ३ नंबर

मेडिकलमधून दातांच्या फटी साफ करायचे बारीक ब्रश आणले, पाकीट १५० रुपये. आयसोप्रोपिल अल्कोहोल १०० मिली, १२० रुपये. मशीन बंद, चार्जर काढला, मागचं झाकण उघडून बॅटरीची वायर सोडवली. लॅपटॉप असा उभा केला की जॅकचं तोंड खाली राहील, म्हणजे सुटलेली घाण बाहेर पडते. ब्रश अल्कोहोलमध्ये बुडवून झटकला, हलक्या हाताने आत नेला आणि फिरवत बाहेर ओढला. आत ढकलायचं नाही, ओढायचं. चौथ्या खेपेला गोळा सुटून आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. आणखी दोन खेपा, मग २० मिनिटं वाळू दिला.

चालू केल्यावर 'व्हॅल्यूज=ऑफ'. हेडफोन घालून ऑन, काढून ऑफ, असं वीस वेळा पाहिलं; एकदाही चुकला नाही.

पातं तुटलेलं असेल तर 'अल्सा-टूल्स-जीयूआय' मधल्या 'एचडीएजॅकरीटास्क' ने जॅकची ओळख बंद करता येते, पण मग हेडफोन घातल्यावर आवाज आपोआप वळत नाही. अल्सामिक्सरमधला 'ऑटो-म्यूट मोड' बंद करून इथे भागलं नसतं. तो फक्त चिपचं म्यूट थांबवतो, पाइपवायर जॅकची खबर ऐकून पोर्ट बदलतच राहतो.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. काम नाही.

२१ नोव्हेंबर, ४ नंबर

'/व्हार/लॉग/एप्ट/हिस्टरी.लॉग' मध्ये सगळं लिहिलेलं सापडलं. कोणीतरी जुन्या माहितीवरून 'एप्ट इन्स्टॉल पल्सऑडिओ' दिलं होतं आणि त्याच नोंदीत खाली 'रिमूव्ह' पुढे पाइपवायरची पॅकेजं. एप्टने विचारलं होतं, वाय दाबलं गेलं होतं. नुसतं पल्सऑडिओ काढून चालत नाही, गेलेली पॅकेजं परत आणावी लागतात: 'सुडो एप्ट इन्स्टॉल पाइपवायर-ऑडिओ'. हे एकच नाव बाकीच्यांना ओढून आणतं आणि पल्सऑडिओला बाहेर काढतं. यादी वाचून मगच वाय. जुन्या निवडी पुसायला होम फोल्डरमधलं '.लोकल/स्टेट/वायरप्लंबर' (वायरप्लंबर म्हणजे पाइपवायरसाठी डिव्हाइस निवडणारा प्रोग्राम) काढून टाकलं, लॉगआउट, लॉगइन. २० मिनिटं. आवाजाच्या कोणत्याही दुरुस्तीत हा लॉग आधी उघडावा, फार वेळ वाचतो.

२२ आणि २३ नोव्हेंबर, ५ नंबर

यात विंडोजही आहे. सहा वेळा चालू करून पाहिलं: विंडोजमधून रीस्टार्ट करून मिंटमध्ये आलं की तिन्ही वेळा आवाज नाही, पूर्ण बंद करून, चार्जर काढून, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून चालू केलं की तिन्ही वेळा आवाज. रीस्टार्टमध्ये आवाजाच्या चिपची (कोडेकची) वीज जात नाही, ती आधीच्या ड्रायव्हरने ठेवलेल्या अवस्थेतच राहते. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे 'शट डाउन' सुद्धा पुरतं नसतं. विंडोजमध्ये अॅडमिनच्या टर्मिनलवर 'पॉवरसीएफजी /एच ऑफ' देऊन ते बंद केलं. झाकणावरच्या कागदावर लिहिलं की विंडोजमधून येताना रीस्टार्ट नाही, शट डाउन.

दुसरी अडचण मुलांनी सांगितली: धड्यातल्या प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द गिळला जातो. 'गुड मॉर्निंग' चं नुसतं 'मॉर्निंग'. थोडा वेळ शांतता झाली की चिप झोपते आणि उठायला क्षण घेते. 'ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०' टाकून अर्धाच फरक पडला. पाइपवायर स्वतःही पाच सेकंदांनी डिव्हाइस झोपवतो. ते थांबवायला वायरप्लंबरमध्ये 'सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स' शून्य केलं. इथे सांभाळा: मिंट २२ मध्ये वायरप्लंबर ०.४ आहे, त्याची सेटिंग लुआ भाषेतल्या फाइलमध्ये जाते. ०.५ पासून फाइलचा साचाच बदलला आणि लुआतली सेटिंग वाचलीच जात नाही. आधी 'वायरप्लंबर --व्हर्जन' पाहावं, मग उदाहरण शोधावं.

२४ नोव्हेंबर, ६ नंबर

स्वस्तातला लॅपटॉप, कोडेक ईएस८३३६. हा इंटेलच्या नेहमीच्या एचडीएच्या मार्गावर नाही, आयटूसी या वेगळ्या जोडणीवर आहे. स्पीकरचा अॅम्प्लिफायर कोणत्या जीपीआयओ (चालू-बंद करणाऱ्या) पिनने चालू होतो ते प्रत्येक बनावटीत वेगळं. ड्रायव्हरला ते कळलं नाही तर कार्ड दिसतं, पट्ट्या हलतात, स्पीकर मात्र मुका. हेडफोनमध्ये आवाज आला. 'क्वर्क' (बनावटीप्रमाणे ड्रायव्हरला द्यायचा पर्याय) चे वेगवेगळे आकडे देऊन पाहिले, कर्नल नवा करून पाहिला. चार तास गेले, स्पीकर आला नाही.

थांबायचं ठरवलं. जळगावहून यूएसबी साउंड कार्ड आणलं, १८० रुपये. लावल्याबरोबर चालू, ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे. घेताना जॅक पाहून घ्यावं: यात हेडफोन आणि माइकची दोन वेगळी भोकं आहेत, मोबाइलच्या एका पिनवाल्या हेडसेटचा माइक यात चालत नाही. चार्जरच्या बाजूच्या पोर्टवर घरघर येत होती, पलीकडच्या पोर्टवर लावल्यावर थांबली. बाहेरचा छोटा स्पीकर अभ्यासिकेत होताच.

२ डिसेंबर

रेकॉर्डिंगची चाचणी २ नंबरवर. 'एरेकॉर्ड -डी १० -एफ डॅट चाचणी.वेव्ह'. दहा सेकंदांची फाइल १.९ एमबी, म्हणजे तासाला जवळपास ७०० एमबी. डिस्क १२८ जीबीची, तेव्हा रोजचं रोज फ्लॅक (दर्जा न घटवता लहान केलेली फाइल) करून पेनड्राइव्हवर.

अल्सामिक्सरमध्ये एफ४ दाबून 'डीमाइक०' ची पट्टी पूर्ण वर नेली तर मागे खरखर येते. ७० वर आवाज स्वच्छ. पंखा बंद हवा, छताचा आणि लॅपटॉपचाही: आधी दहा मिनिटं बाकी सगळे प्रोग्राम बंद ठेवले की लॅपटॉपचा पंखा शांत होतो. बोलणाऱ्या बाईंपासून दोन हात अंतर. त्याहून जवळ घेतलं तर हातातल्या बांगड्या ओवीपेक्षा मोठ्या ऐकू येतात, म्हणून लॅपटॉप मांडीवर न देता पाटावर ठेवला.